पेटीची किल्ली आणि पाचशे डॉलरचं लिमिट

मिनेसोटा,
१८ एप्रिल

आदरणीय लव्हॉनताई यांस,

व्हर्लिनचा सप्रेम नमस्कार. ॲरिझोनाचं ऊन खाऊन तुमचा गुडघा आता बरा असेल अशी आशा आहे. इथे तळ्यावर अजून बर्फ आहे, पण त्यावरून गाडी नेण्याइतका जाड राहिलेला नाही (नेणारे नेतातच). आम्ही सगळे ठीक आहोत. आम्ही म्हणजे मी. एकोणपन्नास वर्षं पत्रात 'आम्ही' लिहीत आलो, हाताला वळण पडलं आहे. चर्चमधल्या बायका दर गुरुवारी बटाटे आणि खिमा घालून भाजलेल्या पदार्थाचं भांडं दारात ठेवून जातात. त्या घंटा वाजवत नाहीत, मी दार उघडत नाही, असं आमचं चांगलं जमलं आहे. फक्त रिकामी भांडी नऊ साठली आहेत. तळाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं, ते मी घासून घासून काढून टाकलं, तेव्हा आता कुठलं कुणाचं ते कळत नाही.

पत्राला विशेष कारण नाही. क्रेडिट कार्डाचं जे झालं ते तुम्हांला कळवावं, एवढंच.

पूर्वीचं कार्ड तुमच्या बहिणीच्या, आर्डिसच्या नावाचं होतं, मी त्यावर नुसता जोडलेला होतो, हे मला सप्टेंबरपर्यंत माहीत नव्हतं. कार्डावर माझं नाव छापलेलं होतं, त्यामुळे ते माझं आहे असं मी समजत होतो. अंत्यविधीच्या आदल्या सकाळी मी बँकेला फोन करून ती गेल्याचं रीतसर कळवलं. कळवायला हवंच होतं, पण संध्याकाळी कळवलं असतं तरी चाललं असतं. बँकेच्या बाई फार सहानुभूतीनं बोलल्या आणि फोन ठेवता ठेवता त्यांनी कार्ड बंद केलं. दुपारी मी अंत्यविधीनंतरच्या जेवणासाठी हॅम आणायला गेलो, तर साठ माणसांचं हॅम कागदात बांधून तयार आणि कार्ड गेलेलं. (हॅमला इतका उशीर का झाला असं तुम्ही विचारलं होतंत. रस्त्यात गर्दी होती असं मी सांगितलं. गावात सिग्नल एकच आहे, तेव्हा तुम्ही काय ते समजला असाल.)

मग ऑक्टोबरच्या दहा तारखेला मी माझ्या नावावर कार्ड घेतलं. बँकेनं त्याला पाचशे डॉलरचं लिमिट दिलं. ताई, घराचं कर्ज मी १९९१ साली फेडलं, त्यानंतर कुणाचं काही देणं ठेवलं नाही. हा गुण आहे अशी माझी समजूत होती. बँकेचं म्हणणं असं की ज्यानं इतकी वर्षं काही घेतलंच नाही, तो परत देतो की नाही हे कुणाला कसं कळणार. बेचाळीस वर्षं मी या जिल्ह्याच्या जमिनी मोजल्या. मी ठोकलेल्या खुंटीवर भरवसा ठेवून लोक कुंपणं घालतात, भावाभावांची भांडणं मिटवतात. पण त्या खुंट्या बँकेच्या यंत्रात कुठे दिसत नाहीत. पलीकडच्या घरातल्या मुलाची दोन कर्जं थकलेली आहेत, एक बोट जप्त झाली आहे, त्याचं लिमिट चार हजार आहे. तो बँकेच्या ओळखीचा आहे.

पाचशेतही माझं भागलं असतं. प्रश्न किल्लीचा आहे. तुमच्या आजीनं १९०४ साली नॉर्वेहून निघताना घरातल्या मोठ्या पेटीची किल्ली ॲप्रनच्या खिशात विसरून आणली, हे तुम्हांला मी सांगायला नको. पण पुढचं तुम्हांला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. तिथल्या तुमच्या चुलत बहिणीची, तोरब्यॉर्गची, दर नाताळात पत्रं येतात, आणि तिच्या आधी तिच्या आईची यायची. आर्डिस गेली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिनं ती सगळी ओळीनं वाचून काढली. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य आहे: 'पेटी आहे तिथेच आहे.' आपण सगळे समजत होतो की खुशाली कळवतात. आर्डिस चष्मा काढून म्हणाली, "व्हर्लिन, हे लोक शंभर वर्षं किल्ली मागतायत." त्यांनी कुलूपही तोडलं नाही. किल्ली दुसऱ्याकडे असताना कुलूप तोडणं त्यांना बरं दिसलं नसावं.

पोस्टानं पाठवू, असं मी म्हणालो होतो. ते तिला पटलं नाही. हातानं नेलेली वस्तू हातानंच परत द्यायची, म्हणाली. या उन्हाळ्यात जायचं ठरलं होतं. आता तोरब्यॉर्ग एक्क्याण्णव वर्षांची आहे आणि ऑगस्टअखेर घर सोडून वृद्धाश्रमात जाणार आहे. घरातलं सामान त्यानंतर कुठे जाईल ते तिलाच माहीत नाही. किल्ली त्याआधी पोचली पाहिजे. ते घर खाडीच्या अगदी टोकाला आहे, तिथे बस जात नाही, म्हणजे गाडी भाड्यानं घ्यायला हवी. आणि गाडीवाल्यांना चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, त्यावर ते दोन हजार डॉलर अडकवून ठेवतात आणि गाडी परत केली की सोडतात. रोख देतो म्हणून मी लिहिलं. रोख देणाऱ्या माणसाची त्यांना काळजी वाटते, असं काहीसं उत्तर आलं.

तेव्हा लिमिट वाढवून मागणं आलं. आयुष्यात मी कुणाकडे काही मागितलेलं नाही (शेजारच्यांकडून एकदा शिडी आणली होती, ती धुऊन परत केली). जानेवारीत फोन केला. उत्तर मिळालं की कार्ड घेऊन सहा महिने झाल्याशिवाय मागायचं नाही, आणि तसंही तुम्ही कार्ड वापरलेलंच नाही. ते खरं होतं. हरवू नये म्हणून मी ते बायबलमध्ये ठेवलं होतं. मग सगळं कार्डावर घ्यायला लागलो, पेट्रोल, दूध, खिळे, आणि रोज संध्याकाळी जेवायच्या आधी त्या दिवसाचे पैसे भरून टाकायचो. मार्चमध्ये आपल्या इथल्या शाखेत होदान म्हणून बाई आहेत त्यांच्याकडे गेलो. (त्यांचं घराणं सोमालियातलं, शाळा इथलीच. आर्डिसनं त्यांना चौथीत शिकवलं होतं.) त्यांनी पडद्यावर पाहिलं आणि म्हणाल्या, "मिस्टर हेगस्टाड, तुम्ही इतक्या तातडीनं पैसे भरता की तुम्ही खर्च केलात हेच बँकेला दिसत नाही. थोडं देणं राहू द्या. महिन्याचं बिल येऊ द्या, मग तारखेच्या आत पूर्ण भरा. पाचशेतले दीडशेच वापरा, त्याच्या वर जाऊ नका. जास्त वापरलंत तर बँकेला वाटतं माणूस अडचणीत आहे." थोडक्यात, पैशाची गरज आहे पण गरज नाही, असं दाखवायचं. महिनाभर दीडशे डॉलरचं देणं उरावर घेऊन झोपलो, ताई. झोप लागली नाही.

लिमिटच्या अर्जावर उत्पन्न लिहायचं होतं तिथे मी पेन्शनचा आकडा लिहिला आणि शेताचा खंड सोडून दिला. तो लिहिणं मला फुशारकीचं वाटलं. होदानबाई म्हणाल्या, "ही फुशारकी नाही, रकाना आहे. खरं असेल ते सगळं लिहायचं." वाढ कशासाठी हवी, याच्यापुढे मी 'तसं काही विशेष नाही' असं लिहिलं होतं. तेही त्यांनी खोडायला लावलं. आणि सहा महिने भरले की मगच मागा, बिल वेळेवर भरल्यावर मागा, मधे दुसरीकडे कुठे कर्ज मागू नका, असं बजावून पाठवलं.

अकरा एप्रिलला, म्हणजे सहा महिने भरल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी फोन केला. एका तरुण माणसानं सगळं तपासलं आणि म्हणाला, "तुमचं लिमिट अडीच हजार करता येईल. करू का?"

मी म्हणालो, "नको नको, एवढं कशाला."

ताई, आपल्याकडे दुसरं काय म्हणतात? तुम्ही आमच्या घरी इतक्या वर्षांत पहिल्या विचारण्याला कॉफी घेतलेली मला आठवत नाही. दोनदा नको, तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप", आणि मग तीन कप. आर्डिसला मी लग्नाचं विचारलं तेव्हा तीही दोनदा म्हणाली, उगाच तुम्हांला त्रास कशाला. तेव्हा मी फोनवर दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत थांबलो. तोही थांबला. मग आम्ही थोडं हवामानाबद्दल बोललो. मग तो म्हणाला, "ठीक आहे सर, आणखी काही मदत?" मी नाही म्हणालो, कारण काही मदत झालेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी होदानबाईंनी पडदा माझ्याकडे फिरवला. माझ्या नावापुढे 'ग्राहकाने नाकारले' असं लिहिलं होतं.

"म्हणजे तुम्ही मागायला फोन केलात, आणि त्यांनी दिल्यावर नको म्हणालात?"

"पहिल्यांदा नकोच म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळे."

"माझ्या आईकडे या एकदा," त्या म्हणाल्या. "ती विचारत नाही, ताट वाढून पुढ्यात ठेवते. तुमच्यासारखं तीन-तीनदा विचारत बसली असती तर आम्ही सहा भावंडं उपाशी मेलो असतो." मग त्यांनी खूप वेळ टंकून पाहिलं, पण नोंद पुसता येईना. पुन्हा मागायचं तर आणखी सहा महिने थांबायचं. म्हणजे ऑक्टोबर. निघताना त्या म्हणाल्या, "मिसेस हेगस्टाड असत्या तर त्यांनी तुमच्या हातून फोन काढून घेतला असता." ते बरोबर आहे. मी बाहेर येऊन गाडीत जरा वेळ बसलो.

असो. तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. किल्ली स्वयंपाकघरात होती तिथेच, खिळ्याला आहे. गुडघ्याला जपावं.

तुमचा,
व्हर्लिन हेगस्टाड

ता. क. तुमच्याकडे मोठ्या लिमिटचं कार्ड आहे, असं आर्डिस एकदा म्हणाली होती. गाडी तुमच्या नावावर घेता आली तर जुलैत जमेल. मात्र ज्याचं कार्ड त्यानं स्वतः तिथल्या खिडकीशी उभं राहावं लागतं, म्हणजे तुम्हांला यावं लागेल. खोल्या अर्थातच दोन घेऊ. जमत नसेल तर काही हरकत नाही, मनावर घेऊ नये.

ता. क. दुसरा. हे पत्र आठ दिवस टेबलावर पडून होतं, टाकायचा धीर होईना. आज बँकेचं पत्र आलं. त्यांनी आपणहून खाती तपासली आणि माझं लिमिट तीन हजार केलं. मला काही विचारलं नाही. होदानबाईंच्या आईसारखं ताट वाढून पुढ्यात ठेवलं. त्यामुळे वरचं रद्द समजावं, तुमच्या कार्डाची गरज उरली नाही. गाडीत शेजारची जागा मात्र तशीही रिकामी जाणार आहे, तुम्हांला वाटलं तर.

ता. क. तिसरा. लिमिट मिळालं त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण तुम्हांला बोलावण्याचं माझ्याजवळ एकच कारण होतं आणि ते गेलं. ती पेटी उघडेल तेव्हा आर्डिसच्या घरचं कुणीतरी तिथे असावं. एकट्यानं तिथे उभं राहणं मला जमणार नाही. तुम्ही याच.

मोजून पाहा, तीनदा विचारून झालं आहे. तीनही एकाच पाकिटात घातली आहेत, तेव्हा आता थेट हो म्हणायला हरकत नाही.