वाकड्या बरणीला पहिलं बक्षीस

मशिको, २० नोव्हेंबर

प्रिय किनुएताई,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा थंडीत कुरकुरतोय का? भावजींचा खोकला? (मुळ्याचा रस मधातून दे. नको म्हणाले तरी दे.) आम्ही सुखरूप आहोत, आणि ताई, प्रदर्शनात ह्यांच्या बरणीला पहिलं बक्षीस मिळालं! पहिलं! घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

झालं असं, गेल्या महिन्यात भट्टी उघडली. मनास न आलेलं भांडं हे जागच्या जागी हातोडीने फोडतात, तुला ठाऊकच आहे. (त्यातली बरी मी एप्रनखाली लपवते, नाहीतर लोणची कशात घालू?) या खेपेला दोनच बरण्या उरल्या. "चांगली पेटीत भर, दुसरी फोड," एवढं सांगून हे अंघोळीला गेले. पेटीच्या झाकणावर सही आधीच करून ठेवलेली. आता चांगली कुठली, हे काय विचारायचं? तीस वर्षं ह्यांच्याच तोंडून ऐकतेय, सरळ भांडं मेलेलं, वाकड्यात जीव असतो. एक बरणी निळी, गुळगुळीत, नजरेत भरणारी. दुसरी एका अंगाला कलंडलेली, झिलई अर्ध्यावरच थांबलेली. मी वाकडी पिवळ्या फडक्यात गुंडाळून पाठवून दिली.

बक्षिसाच्या दिवशी पडदा सरकला आणि ह्यांचा चेहरा पांढराफटक. परीक्षक सांगत होते, झिलई जिथे थांबली तिथे कलावंताचं धाडस दिसतं. हे कमरेत वाकले ते वाकलेच. लोकांना वाटलं, गहिवरले. परतताना गाडीत म्हणाले, "अगं, जन्मात एकदा सरळ जमली होती, ती कुठंय?" मी म्हटलं, "ताईकडे. बैठकीत, मानाच्या जागी." तेव्हापासून बक्षिसाकडे ढुंकून बघत नाहीत. भट्टीमागच्या खापऱ्यांच्या ढिगात बसतात, एकेक तुकडा उचलतात आणि विचारतात, "ह्यालाही मिळालं असतं का गं?" मला हसू येतं आणि रडूही.

बाकी सर्व ठीक. भावजींना नमस्कार सांग.

तुझी,
मित्सुए

ता. क. पंधरवड्यापूर्वी खारवलेले आलुबुखार भरून पाठवलेली निळी बरणी आठवते ना? तीच ती. रविवारी हे तिला भेटायला येताहेत (तुला नव्हे). फळं दुसऱ्या कशात काढ, तारेच्या घासणीने घासू नकोस, आणि तिला बैठकीत मांड. पाया पडते.

पुन्हा ता. क. फुटली असेल तर घाबरू नकोस. "मनास आली नाही, म्हणून मीच फोडली," असं ठणकावून सांग. एवढं एकच कारण त्यांना पटतं.