वर की खाली

प्रिय टाचणी,

अक्षर पाहून दचकू नकोस. हात उजवाच आहे आणि तो पूर्वीइतकंच वाईट लिहितो. अडचण कागदाची आहे. डावा हात त्यावर दाबून ठेवतो, दोन ओळी लिहून बघतो तर हाताची स्वारी केव्हाच घसरून मांडीवर जाऊन बसलेली असते आणि मला पत्ताही नसतो. म्हणून कागदावर थंड इस्त्री ठेवली आहे. तुझ्या बोटीच्या नोकरीच्या कागदांवर सही करायला अजून दहा दिवस आहेत, तोवर हे पत्र पोचेल. तुझी आई समोर काजं करत बसली आहे आणि दर पाच मिनिटांनी किती लिहून झालं ते विचारते आहे.

तू महिनाभर इथे होतीस तेव्हा माझा अर्धांगाचा झटका ताजा होता आणि हात हलला की सगळं झालं असं आपल्याला वाटत होतं. हात हलला. मूठ वळते, डबा उचलता येतो, फिजिओ मॅडमचं बोट दाबलं तर त्या ओय म्हणतात. गेलं ते वेगळंच. डोळे मिटले की डावा हात कुठे आहे ते मला कळत नाही. वर आहे की खाली, बोटं सरळ आहेत की वळलेली, काही म्हणजे काही नाही. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात, ते पुण्य माझ्या पदरात फुकटात पडलं आहे. तू हसशील, पण शिंप्याचं अर्धं काम या जाणिवेवर चालतं. नजर खडूच्या रेघेवर, उजव्या हातात कातर, आणि डावा आपला कापड धरत, सरकवत, बाजूला होत राहतो. चाळीस वर्षांत मी त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

मॅडम याची परीक्षा घेतात. वयाने तुझ्याएवढ्याच, पण शिस्त मुख्याध्यापिकेची. मी डोळे मिटायचे. त्या माझा डावा अंगठा दोन्ही कडांनी धरतात, म्हणजे दाबावरून ओळखता येऊ नये, आणि जरासा वर किंवा खाली करतात. मी फक्त सांगायचं, वर की खाली. असं दहा वेळा. पहिल्या दिवशी बराच वेळ काहीच होईना, तेव्हा मी विचारलं की सुरुवात कधी करणार. तोवर त्यांचं सहा वेळा करून झालं होतं.

आई तेव्हा भिंतीजवळच्या खुर्चीत बसायची. माझं उत्तर चुकलं की ती जो सुस्कारा सोडायची, तो मला माझ्या अंगठ्यापेक्षा जास्त कळायचा. तिसऱ्या आठवड्यात ती एकदा खोकली, अगदी बारीक, घशातल्या घशात. मी वर म्हणालो आणि ते बरोबर निघालं. पुढच्या वेळी खोकला आला नाही, मी खाली म्हणालो, तेही बरोबर. त्या दिवशी सात आले. मग आठ, मग नऊ. एक मी मुद्दाम चुकवत होतो, कारण दहापैकी दहा कुणाला पटले असते? आम्ही दोघं याबद्दल एक अक्षर बोललो नाही. घरी येताना ती मला शाबासकी द्यायची आणि मी ती घ्यायचो. तिने तुला फोन करून नऊ सांगितले, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. समुद्राच्या तळाची मापं घ्यायला दोन वर्षं बोटीवर जायचं, ही नोकरी तू केवळ माझ्या हातापायी अडवून धरली होतीस, हे मला माहीत होतं. शिंप्याची पोर एवढ्या मोठ्या मापाला हात घालते याचा मला इतका अभिमान वाटत होता की मी गप्प राहिलो.

नवाचं बक्षीस म्हणून मॅडमनी कातर धरायची परवानगी दिली. बँकेतल्या त्या लांब मानेच्या उंटसाहेबांचा कोट कापायला घेतला. ते खिशाचं काही विचारायला आत आले, मी मान वर करून उत्तर दिलं, कातर चालूच होती. आई ओरडली तेव्हा खाली बघितलं. डाव्या हाताचं मधलं बोट कातरीच्या वाटेत पडलं होतं आणि ते तिथे आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तीन टाके पडले. तपासले मी, अंतर सारखं नव्हतं. बोट आता बरं आहे, कोटाचं कापड मात्र गेलं.

नऊ मिळवणाऱ्या माणसाचं असं कसं झालं, म्हणून मॅडम बुचकळ्यात पडल्या आणि त्यांनी परीक्षा पुन्हा घेतली. नेमकी त्या दिवशी आईला खरी सर्दी झाली होती. ती रुमालात तोंड खुपसून खोकतेय, खोकतेय, आणि मी बापडा वर, वर, वर, वर. मॅडम मात्र लागोपाठ अंगठा खालीच नेत होत्या. चोरीचा मामला हळूहळू बोंबला तो असा. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी आधी आईला पाणी दिलं, मग तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं. पाच आले. पाच म्हणजे नाणं उडवलं तरी येतात.

त्या संध्याकाळी आई खूप रडली. "उत्तर चुकलं की तुमचा चेहरा पडायचा, तो मला बघवत नव्हता," म्हणाली. मी तिच्या चेहऱ्यासाठीच तर तिचा खोकला ऐकत होतो. मला तिचा राग आला नाही, लाज आली ती स्वतःची, कारण चष्मा लावून टाके मोजणारा माणूस मी आणि स्वतःचंच माप खोटं घेत बसलो होतो. मग आम्ही दोघंही हसलो, जरा जास्तच हसलो.

आता परीक्षेला ती बाकावर बसते. घरी रोज अभ्यास असतो. मी डोळे मिटतो, ती माझा डावा हात टेबलावर कुठेतरी ठेवते आणि मी उजव्या हाताने डावा अंगठा शोधायचा. कधी टेप हाताला लागते, कधी खडूचा डबा. परवा तिचं मनगट लागलं, ते मात्र लगेच ओळखलं. दुकान चालू आहे. माझा एक हात आणि तिचे दोन, अशा तीन हातांनी आम्ही कापतो. वेळ लागतो आणि भांडणं फार होतात.

तू परवा फोनवर म्हणालीस की आईचं काही ऐकायचं नाही, बाबांनी स्वतःच्या हाताने खरा आकडा लिहून पाठवायचा, मगच सही करीन. म्हणून हे पत्र. आई नऊच लिहा म्हणून मागे लागली आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणते. पण माझी मूठ झाकली आहे की उघडी, हे बघितल्याशिवाय मलाच कळत नाही, तेव्हा तुला उघडूनच दाखवतो. काल दार बंद करून सहा आले. तू नोकरी सोडून इथे आलीस तर आमचं छान करशील, पण दोन महिन्यांत तूही खोकायला लागशील, कारण शेवटी तू आमचीच लेक. खोट्या नवावर तू गेली असतीस तर दोन वर्षं मला घास गोड लागला नसता. सहा ऐकून जा. मला तुझी फार आठवण येते, रोज येते, तरी जा. पाच नाण्यालाही येतात गं टाचणी. सहावा माझा आहे.

तुझाच,
दहापैकी सहा,
बाबा