एल्विराचे गुडघे

मंगळवार, ५ नोव्हेंबर

थाप मारली! आणि तीही चायोला — लग्न झाल्यापासून एल्विरा जिच्याकडून कोळंबी घेत आलीय, तिला.

धक्क्यावर गेलो तर चायो आपल्या छत्रीखाली, घमेल्यांमागे बसलेली. लांबूनच ओरडली, "या मिस्त्री! आल्या का वहिनी तिहुआनाहून? लेकीचा सव्वा महिना कधीच उलटला की!" झालं. ओळीतल्या सगळ्या कोळंबीवाल्या माना वळवून माझ्याकडे बघायला लागल्या. एल्विरा ऑगस्टमध्ये यादिराच्या बाळंतपणाला गेली ती तिकडचीच झाली. आता बाळ ओळखीचं हसतं म्हणे. मग कशाला येईल ती? पण हे त्या बायांसमोर काय सांगायचं? तोंडातून निघून गेलं — "आली की! परवाच आली."

"मग दिसल्या नाहीत त्या?"

"गुडघे दुखताहेत तिचे."

गुडघे! कुठून सुचले देव जाणे. चायो हळहळली. मी गेले दोन महिने अर्धा किलो घेतो. आज तिने न विचारता किलोभर तोलली आणि वर मूठभर घातली. "ही वहिनींसाठी, माझ्याकडून." नको कसं म्हणणार?

बुधवार, ६ नोव्हेंबर

अर्धी खाल्ली, अर्धी फ्रीझरमध्ये टाकली. मीठ फार झालं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

एल्विराचा फोन. "जेवलात?" — जेवलो. "काय?" — कोळंबी. "बरं आहे ना सगळं?" — मजेत! मग बाळ रडलं, फोन यादिराकडे गेला, यादिराने बाळाला दाखवलं, बाळाने मला बघून जांभई दिली, संपलं.

कधी येतेस, हे अगदी जिभेवर आलं होतं. नाही विचारलं. मी विचारलं म्हणून ती आली, तर त्यात काय अर्थ? तिला वाटलं पाहिजे. आणि नसेलच वाटत, तर तेही मला ऐकायचं नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

वारा. बंदर बंद, होड्या बाहेर पडल्याच नाहीत. तरी धक्क्यावर चक्कर मारली. घमेली पालथी. आज दिवसभरात कुणाशी एक शब्द बोललो नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

थाप वाढत चाललीय. चायो विचारते, "परवाच्या कोळंबीचं वहिनींनी काय केलं?"

"कच्चीच. लिंबू-मिरचीत."

"जमली?"

"मिरची जरा जास्त घातली तिने."

"त्यांची सवयच आहे ती!" चायो हसली. मीही हसलो. खरंच आहे, एल्विराचा मिरचीचा हात सैल. बोलता बोलता मला ती स्वयंपाकघरात दिसायलाच लागली — पाठमोरी, हिरवा अ‍ॅप्रन, लिंबं पिळताना खांदा वर. घरी येईपर्यंत पिशवी हलकी लागत होती. दार उघडलं आणि म्हणालो, "आलो गं."

मूर्ख म्हातारा! नंतर कितीतरी वेळ टोपीसुद्धा न काढता खुर्चीत बसून राहिलो.

फ्रीझर आता बंद होत नाही. जन्मभर बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळली, आणि घरच्या फ्रीझरचं दार मला ढोपर लावून ढकलावं लागतंय.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

संकट! चायो म्हणाली, "रविवारी मी येते वहिनींना बघायला. माझ्या आईच्या हातचं मलम आहे, दोन दिवसांत नाचायला लागतील."

मी म्हटलं, नको, ती दुपारची झोपते. — मग सकाळी येते. — सकाळी चर्चला जातो आम्ही. — गुडघे दुखत असताना?

आणि मग सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं, "काय हो मिस्त्री, वहिनींना कोंडून तर ठेवलं नाही ना?" बाया खदाखदा हसल्या. चायोला कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही. आणि धक्क्यावर जाणंच तुटलं तर मग मी बोलायचं कुणाशी?

रविवार, २४ नोव्हेंबर

आली. दार वाजवलं. मी स्वयंपाकघरात, दिवे बंद करून, चोरासारखा.

"वहिनी! अहो एल्विरावहिनी! मी चायो!"

श्वास रोखून बसलो. खरं सांगू? पहिल्या हाकेला भीती वाटली. मग दुसरी आली, तिसरी आली, आणि वाटलं, आणखी थोडा वेळ हाक मारू दे. या दारात किती दिवसांनी कुणी तिचं नाव घेतलं होतं.

मग ती गेली. उंबऱ्याशी मलमाची बाटली ठेवून गेली. कापराचा वास.

बुधवार, २७ नोव्हेंबर

एल्विराचा फोन. अवेळी. आज बाळाबद्दल अवाक्षर नाही.

"काय हो," म्हणाली, "मी कशी आहे?"

मी म्हटलं, म्हणजे?

"चायोचा निरोप आला सकाळी. 'दार का उघडलं नाहीत वहिनी, माझ्यावर रागावलात का?' मी परत आलेय म्हणे. लिंबू-मिरचीत मिरची जास्त घालते म्हणे. आता एवढं सांगा — गुडघे कसे आहेत माझे?"

हसण्यावारी न्यायचं होतं. काहीतरी फटकन बोलायचं होतं. ती थांबली. मी नुसता फोन कानाला लावून उभा, नाक पुसत.

"बरं," म्हणाली, आणि ठेवला फोन.

त्या 'बरं'चा अर्थ काय लावायचा? रागावलीय. नाहीतर यादिराला सांगून दोघी हसताहेत — बाबांना भ्रम झाला! मजेत आहे, मजेत आहे, सांगत होतो तोऱ्यात. आता कसली मजा.

शनिवार, ३० नोव्हेंबर

तिचा फोन नाही. दोन दिवस घराबाहेर पडलो नव्हतो. आज गेलो. चायोसमोर उभा राहून म्हटलं, "अर्धा किलो."

तिने वर बघितलं.

"ती आलेली नाही, चायो. आलीच नव्हती. मी एकटाच आहे घरात."

वाटलं, आता ओळ हसणार. कुणी हसलं नाही. चायो खाली बघून कोळंबी निवडत राहिली, एक-एक उचलून, जणू सोनं.

"ठाऊक आहे मला. वहिनी बोलल्या."

"काय बोलली?"

"ते बायकांचं बायकांत." अर्धा किलो तोलली. वर नेहमीसारखी मूठ घातली. "आणि मिस्त्री, माझं मलम तेवढं आणून द्या. फुकट नाही बनत ते."

"उद्या आणतो," म्हटलं. घरी येऊन बाटली पिशवीत घालून ठेवली. अर्ध्या किलोची पिशवी फारच लहान दिसते.

बुधवार, ४ डिसेंबर

मलम काही परत देता येणार नाही. तिहुआनापासून इथवर बसमध्ये बसून एल्विराचे गुडघे खरोखरच सुजलेत.