हात चालतो

आई, त्या सरकारी माणसाला तू माझ्या हातून कॉफी देवविलीस, ती गोष्ट मी आजवर किती लग्नांत, किती बारशांत सांगितली असेल, देव जाणे. सांगताना मान ताठ व्हायची माझी. हल्ली सांगत नाही. कुणी आठवण काढली तर म्हणते, जाऊ दे, जुनी गोष्ट.

मी तेव्हा दुसरीत. दिवाळीची पहाट, तेल लावून न्हाऊन झालेलं, केस अजून ओले. अप्पांनी पट्टीश्वरमला कुणाच्या तरी परसात वळलेले गावठी बॉम्ब आणले होते, वर्तमानपत्रात गुंडाळून, स्वस्त मिळाले म्हणून. एक माझ्या हातातच फुटला. उजव्या हाताची करंगळी गेली आणि शेजारची दोन बोटं भाजून एकमेकांना चिकटली, ती आजतागायत चिकटलेलीच आहेत. पुढं काही महिन्यांनी तो माणूस फाईल घेऊन आला. भाजलेल्या मुलांची नावं लिहून नेत होता, काही मदत मिळायची होती. तू त्याला ओसरीवर बसवलंस, मला स्वयंपाकघरात बोलावलंस आणि तोंडोतोंड भरलेला पितळी टंबलर माझ्या त्याच हातात दिलास. मी चालते आहे, बोटं पोळताहेत, एक थेंब सांडत नाही. तू मागून तमिळमध्ये त्याला म्हणतेस, बघा, आमच्या मुलीला काही झालेलं नाही. तो कॉफी प्याला, चांगली झालीय म्हणाला आणि फाईल काखेत मारून गेला. मग चुलीपाशी तू मला आपल्या बोलीत म्हणालीस, "आपण राजवाड्यांतलीं माणसं. पैक्यासाठीं दुखणं मांडायचं नाही. करून दाखवायचं."

राजवाड्यातलं आपल्याकडे काय उरलं होतं गं? पणजोबा तिथं, तंजावरला, कारकून होते, एवढं एक बोलणं. आणि ही मराठी, जी ऐकून पुण्याहून आलेली माणसं हसू दाबतात. पण तुझा शब्द म्हणजे शब्द. बोटं मद्रासेत नेऊन सोडवता येतील असं डॉक्टर म्हणाले होते, त्याला पैसा लागणार होता, आणि तो पैसा त्या फाईलमध्ये होता. हे मला अप्पांनी तू गेल्यावर सांगितलं. तेव्हाही मी तुझीच बाजू घेतली. अडलं काय माझं, मीच म्हणाले. सगळं तर येतं.

आणि येत होतंच. तू शिकवलंस. मोगऱ्याच्या कळ्या पुढ्यात ओतून मला गजरा बांधायला स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसवायचीस. केळीच्या सोपटाचा दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवायचा, ताण पायानं द्यायचा, गाठ उरलेल्या बोटांनी मारायची. कळ्या गळायच्या, मी रडायची. तू चुलीकडे तोंड करून उभी. वळून बघायची नाहीस. "रडून जालं कीं सांग," एवढंच. मला तेव्हा तुझा इतका राग यायचा की तुझ्या पाठीला मी जीभ काढून दाखवायची. आणि मग एक दिवस तू तांबटाकडून ते तबक करवून आणलंस, अगदी बुटक्या काठाचं, चिकटलेल्या बोटांनाही कळी उचलता यावी असं. कळ्या त्यात ओतल्यास आणि सार उकळायला लागलं म्हणून गेलीस.

ते तबक आता तुझ्या पणतीकडे, माझ्या नातीकडे आहे. हो, तिचंच सांगायला बसले आहे. मेलकावेरीतल्या आपल्या गल्लीत सायकलच्या दुकानामागं एक पत्र्याची शेड होती. परवाना नाही, पाटी नाही, पण दिवाळी आली की सगळी गल्ली तिथूनच फटाके घ्यायची. पोलीसही घ्यायचे, उगाच कशाला खोटं बोलू. गेल्याच्या गेल्या दिवाळीला न फुटलेला एक बॉम्ब पोरीनं उचलला. उजवाच हात. तीच बोटं चिकटली. इस्पितळात पट्टी सोडली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माझाच हात लहान करून तिला लावलाय. शेडवाला जामिनावर सुटून आला, आणि एकदा केळ्यांचा घड घेऊन दारात उभा, पोरगी कशी आहे विचारायला. मी घड त्याच्या सायकलच्या हँडलला परत अडकवून दिला.

समोरच्या घरातला मुलगाही त्याच दिवशी भाजला होता. मंत्र्यांनी जाहीर केलं, बेकायदा फटाक्यांनी जखमी झालेल्या मुलांना सरकार भरपाई देणार. आम्हाला ती हवी होती, आई. तंजावरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हाड वाढतंय तोवर बोटं सोडवा, उशीर केलात तर वाकडी राहतील. लेक साडीच्या दुकानात उभी असते दिवसभर, जावयाचं तर विचारूच नकोस. म्हणून कागद घेऊन मीच फिरले. आणि वर्षभर पोरीला काय शिकवलं? तू शिकवलंस तेच. तबक पुढ्यात, सोपट अंगठ्यात. रडली की मीही पाठ फिरवली. तुझ्याच शब्दांत बोलले.

मग तपासणीचा दिवस. सरकारी इस्पितळाचा व्हरांडा, बाकावर आम्ही सकाळपासून बसलेलो. फाटकापाशी सुटी फुलं आणि सोपट घेतलं होतं, पोरीचा वेळ जावा म्हणून. आमचं नाव पुकारलं तेव्हा फुलांची पुडी तिच्या हातातच. टेबलामागं तीन डॉक्टर. मधल्यानं हात उलटासुलटा करून पाहिला आणि तमिळमध्ये विचारलं, बाळ, या हातानं काय काय करता येतं तुला? तिनं माझ्याकडे बघितलं. आणि आपल्या भाषेत, जी त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच कळत नव्हती, हळूच विचारलं, "आज्जी, दाखवूं कां?"

मी म्हटलं, "दाखव."

नुसतं 'नको' म्हणायचं होतं गं. मला मागं ओसरीवरचा तो टंबलर दिसत होता, दुसरं काही नाही. पोर फरशीवर बसली, सोपट अंगठ्यात अडकवलं आणि वीतभर गजरा बांधून उठली. नर्सनं टाळ्या वाजवल्या. डॉक्टर हसले, शाबास म्हणाले, आणि लिहिलं. पोरीनं तो गजरा नर्सला दिला, तिनं लगेच केसांत माळला. आम्ही येताना कॉफी प्यालो, पोरीला मी बोंडा घेऊन दिला. इतकी खूष होते मी.

यादी लागली त्यात समोरचा मुलगा होता, आमची नव्हती. त्याची आई त्याला हात टॉवेलात गुंडाळून घेऊन गेली होती आणि तो आत जाताच रडायला लागला होता. त्यांना मिळालं याचं मला वाईट नाही, त्याचाही हात भाजलाच होता. पण आमचं काय? कलेक्टर कचेरीतल्या कारकुनानं कागद माझ्याकडे फिरवला. "मामी, हात चालतो असं लिहिलंय. चालणाऱ्या हाताला कशाची भरपाई?" चिडून बोलला नाही तो, समजावून सांगत होता. मी त्याला सांगायला लागले की अहो, एका गजऱ्यामागं तिनं किती दिवस रडून काढलेत. तो म्हणाला, त्याचा रकाना नाही.

घरी येताना बसमध्ये मी तुला मनात वाटेल ते बोलले. तुझा ताठा मला पोसायला दिलास, आणि मी तो पोरीच्या ताटात वाढला. सरकारला शिव्या द्यायच्या त्याही दिल्या, पण सरकारनं मला काही शिकवलं नव्हतं, तू शिकवलं होतंस.

फेरतपासणीचा अर्ज केला. या वेळी आदल्या दिवशी पोरीला समोर बसवलं आणि सांगितलं, हात मांडीवर सोडून बसायचं, काही उचलायचं नाही, पेन दिलं तरी पडू द्यायचं. ती म्हणाली, पण मला येतं. मी म्हटलं, येतं ते उद्या यायचं नाही. खोलीत डॉक्टरांनी पेन पुढं केलं तेव्हा तिनं पुन्हा हळूच विचारलं, आज्जी, आतां तरी धरूं कां? डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतेय ती? मी सांगितलं, पाणी मागतेय. त्यांनी खरंच पाणी दिलं. पोरीनं ते डाव्या हातानं घेतलं, आणि उजवा मेल्यासारखा मांडीवर पडला होता. इतकं चांगलं केलं तिनं. तुलाही आवडलं नसतं, एवढं चांगलं.

मंजूर झालं, आई. पैसे येतील, बोटं सुटतील. पण पोर तेव्हापासून तो हात घरातही उचलत नाही. जेवते चमच्यानं, डाव्या हातानं. मी रागावले, लाडीगोडी लावली, काही नाही. आज तुझी तिथी. तबकात कळ्या घालून तिला म्हटलं, पणजीच्या फोटोला तूच बांध. ती खिडकीकडे बघून म्हणाली, "नको आज्जी. कुणी पाहिलं तर?"

पाठ फिरवायचं धाडस मला झालं नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, तांदळाच्या डब्याखाली राहील. माळ शेवटी मीच बांधली, तुझ्याच पद्धतीनं, एकही कळी न पाडता. फक्त एवढंच सांगते, बांधायला बसण्याआधी खिडकी मी लावून घेतली.