केशोरीच्या अठरा सुटलेल्या चिठ्ठ्या

मी, खेमराज बकाराम कापगते, वय ७१, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, राहणार कुडवा, गोंदिया, शुद्धीत असून कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. दबाव नाही, भीती आहे. सोमवारी नागपुरात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलगा हिमांशु याला मिळावी. आईची शिलाई मशीन त्याने विकू नये.

२. माझी पत्नी कै. फुलवंता हिने केशोरीच्या तलावातून जमवून कागदावर लावलेल्या चारशे बारा वाळलेल्या वनस्पती आमच्या जलवनस्पती अभ्यास मंडळाच्या आहेत. बैठकीला प्रत्येकाने मुळाशी चिखल असलेली एक वनस्पती आणायची, रिकाम्या हाताने आलेल्याला मत नाही, अशी आमची रीत होती. पुढे मासे, माती, पाणी तपासणारे सभासद आले. तीन वर्षांपूर्वी नाव ‘पाणथळ विज्ञान मंडळ’ झाले. मी विरोधात मत दिले, फुलवंताने बाजूने. परतताना गाडीवर मागून म्हणाली, "पाणी, माती सोडून तुमची वनस्पती कुठं उगवून राहिली, सांगा जी."

३. मी जपून ठेवलेली मंडळाच्या जुन्या नावाची पाटी अध्यक्ष उमेंद्र यांना द्यावी. मते मोजून होण्याआधीच त्यांनी ती उतरवली होती.

४. हे कोणाला सांगितलेले नाही. जुलैत फुलवंताच्या तेरवीनंतर मंडळात गेलो, तर नव्या यंत्रासाठी कपाट रिकामे करून तिचे गठ्ठे ओल्या फरशीवर ठेवलेले. सचिव नीतू म्हणाली, "काका, सगळ्यांचे चिठ्ठीसकट फोटो काढून ठेवले ना. टेन्शन कायले घेऊन राहिले?" मी न विचारता गठ्ठे घरी आणले. सावलीत, वजनाखाली वाळवायचे हे जन्मभर मुलांना शिकवले, आणि घाईत गच्चीवर उन्हात पसरले. वारा आला. अठरा चिठ्ठ्या सुटल्या. नाव, तारीख, जागा, सगळे तिच्या अक्षरात. कोणती कशाची, हे तीच सांगू शकली असती, नाहीतर नीतूचे फोटो; पण न विचारता आणल्यावर ते मागायचे कोणत्या तोंडाने? चिठ्ठीशिवाय तो नुसता पाला आहे. चुकीची चिठ्ठी लागेल या भीतीने मी चार महिने त्या अठरांचा गठ्ठा उघडलेला नाही.

५. ~~माझ्या पश्चात~~ नीतूने आपल्या फोटोंवरून चिठ्ठ्या लावाव्यात. सर्व वनस्पती मंडळाने ठेवाव्यात, नव्या नावाने. त्यासाठी फुलवंताचे लुगड्यांचे लोखंडी कपाट द्यावे.

खाडाखोडीबाबत: सहीपूर्वी हे साक्षीदारांना वाचून दाखवले. नीतू मोबाइलवर ते फोटो उघडून म्हणाली, "सोमवारले अजून चार दिवस आहेत, काका. गठ्ठा आणा." म्हणून कलम ५ मधील पहिले दोन शब्द मी स्वतः खोडले आहेत.

सही: खे. ब. कापगते
साक्षीदार: १. नीतू रहांगडाले, २. शकुंतलाबाई मेश्राम (शेजारी)
कुडवा, १३ नोव्हेंबर २०२५