बरणीतली जुनी मूठ

खाली सही करणारी मी, वय सदुसष्ट, धंदा घरगुती केक, गल्लीत 'केकवाली मावशी' म्हणून ओळखली जाणारी बाई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, म्हणून येत्या गुरुवारी ते उघडून दुरुस्त करायचे ठरले आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. फक्त ओव्हनमध्ये वर्षअखेरच्या सुट्ट्यांचे दोन केक आहेत आणि मला सारखे उठावे लागते. अक्षर मध्येच बदललेले दिसले तर त्याचे कारण हे समजावे.

याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. वेळ कुठे होता?

एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या मुलीला. बँकेत जे असेल तेही तिलाच. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही, मात्र खिडकीची कडी सैल आहे हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

दोन. ओव्हनही मुलीला. त्याची मागची डावी बाजू जास्त तापते. चाळीस मिनिटांनी टिन फिरवावा लागतो, नाहीतर केक एका बाजूने काळा ठिक्कर पडतो. हे मी तिला शंभरदा सांगितले आहे आणि तिने शंभरदा 'हो गं आई' म्हटले आहे, म्हणून इथे लेखी देते.

उठून पाहून आले. सुईला पीठ चिकटते आहे, अजून कच्चेच आहेत.

तीन. माझ्या मोठ्या जाऊबाईंना केकची कृती. त्या सतरा वर्षे मागत आहेत आणि मी दर वेळी एक जिन्नस गाळून देत आले. केक दगडासारखा झाला की त्या फोन करायच्या आणि मी म्हणायचे, "तुमचा ओव्हनच तसला असेल." त्यांनी माझ्या केकला चारचौघांत कोरडा म्हटले होते. आता पुरे झाले. खरी कृती डब्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. फळे आधी मैद्यात घोळवायची, नाहीतर तळाशी बसतात, हे मात्र त्यांनी स्वतः शोधून काढावे.

चार. वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना मोठा वजनकाटा द्यायचा होता. टिनांच्या तळाला लावायचे कागदाचे गोल दर वर्षी तेच कापून देतात, तेही ज्या कात्रीला बायकोलाही हात लावू देत नाहीत तिने. पण वकिलांनी बजावले, की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचे मिळणे बुडते. काका म्हणाले, "काटा घेऊन मी काय बटणं तोलू? सहीच करतो." सबब काकांना काही नाही. दुसऱ्या सहीसाठी शाळेच्या बाई चार वाजता येणार आहेत.

पाच. आता बरणी. हे कलम सकाळपासून तीनदा लिहिले आणि तीनदा फाडले.

चिनी मातीची ही बरणी माझ्या आईची. सुट्ट्या संपल्या की त्याच आठवड्यात आई पुढच्या वर्षाच्या केकची फळे भिजत घालायची. बेदाणे, जर्दाळू, संत्र्याची साल आणि वरून रम. बरणी कधी रिकामी करायची नाही आणि कधी धुवायची नाही, असा तिचा नियम होता. तळाशी जुन्या फळांची एक मूठ राखायची आणि तिच्यावर नवी घालायची. तिच्या आईने ती मूठ तिला दिली होती.

आई गेली तेव्हा घर माणसांनी भरले होते. माझी धाकटी बहीण सकाळपासून भांडी घासत होती. मी बरणी उघडली, मला वास आंबट वाटला, आणि मी ती मागच्या अंगाला नेऊन उकळत्या पाण्याने धुतली. मग पालथी करून धाकटीच्या घासलेल्या भांड्यांत ठेवली. वास आंबट नव्हता. चार दिवस रडून माझे नाक चोंदले होते, मला कसला वास येत होता?

संध्याकाळी मामींनी विचारले, "ही बरणी कुणी धुतली?" सगळ्यांनी धाकटीकडे पाहिले. ती म्हणाली, "माझ्याकडूनच धुतली गेली असेल." मी तिथेच होते. मी गप्प बसले.

याला बावीस वर्षे झाली. धाकटीने त्यानंतर एकही केक केला नाही. दर सुट्टीला ती दुकानातली बिस्किटे घेऊन येते, माझा केक खाते आणि म्हणते, "तू नव्याने सुरू केलंस म्हणून बरं. मी तर आईचं सगळं धुऊन टाकलं." आणि मी तिला आणखी एक तुकडा वाढते. मला माझी लाज वाटते.

तर मी जाहीर करते की बरणी मी धुतली. ती, आतल्या फळांसह, धाकटीला मिळावी.

पुन्हा उठले, टिन फिरवले, पुन्हा बसले. लिहून मोकळे वाटेल असे वाटले होते, तसे काही झाले नाही. हा कागद मी मेल्यावर उघडणार. जगले, तर धाकटी आणखी दहा वर्षे बिस्किटे आणत राहणार. मेले, तर बिचारीने भांडायचे कोणाशी? ही पळवाट आहे, मला कळते.

सहा. हे नंतर लिहीत आहे. शाळेच्या बाई आल्या नाहीत. काका सहीसाठी येऊन बसून राहिले. तेवढ्यात धाकटी आली, माझी दवाखान्याची पिशवी भरायला. मी टिन बाहेर काढत होते आणि कागद ओट्यावरच होते. झाकता आले असते. मी म्हणाले, "सगळं वाच. पाचवं नीट वाच."

तिने पाचवे दोनदा वाचले.

"कशानं धुतलीस?"

"उकळत्या पाण्यानं."

"तरीच. मी गार पाण्यानं घासत होते. बरणी उचलली तर गरम लागली. बावीस वर्षं ते माझ्या डोक्यात आहे. वाटायचं, आपणच काहीतरी विसरतोय."

मग ती पिशवीकडे वळली. मला वाटले, आता निघून जाईल. तिने पिशवीत भरलेले माझे कपडे बाहेर काढले, परत घड्या घातल्या आणि परत भरले. काका छताकडे बघत होते.

"पेन दे," ती म्हणाली. "दुसरा साक्षीदार हवाय ना?"

"अगं, तू सही केलीस तर बरणी जाईल तुझी."

"चौथं पण वाचलंय मी. गुरुवारी जा आणि घरी परत ये. तुझी फळं तूच भिजव. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि ते एका दिवसात होणारं नाही."

सबब पाचव्या कलमातली देणगी बुडाली, कबुली कायम आहे. बरणी ओट्यावर आहे. धाकटीने झाकण काढून वास घेतला आणि साल कमी पडली आहे म्हणाली. सध्या ती संत्री सोलत आहे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि दोघांच्या समोर सही केली.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर
तारीख: सुट्ट्या लागण्याआधीचा मंगळवार, दोन्ही केक निघाल्यावर

सही: केकवाली मावशी

साक्षीदार पहिला: वरच्या मजल्यावरचे शिंपी
साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. सही केली आहे, माफ केलेले नाही.