सड्यावरची दगडांची रास

१७ नोव्हेंबर

इब्रामपूरच्या वरच्या सड्यावर मुक्कामाला आलो. पठाराच्या उंचीचा नकाशा करायचा, अकरा दिवसांचं काम. तीस तारखेला गडहिंग्लजला लेकीचं बारसं. चुकवलं तर दीपा घरात घेणार नाही. सडा परातीसारखा सपाट, सगळा भोकाभोकांचा जांभा दगड. पाय आपटला की खाली पोकळ वाजतं. पूर्वेला सह्याद्री, मध्ये चिटपाखरू नाही. पत्र्याची खोली मात्र झकास.

खाली उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी दगडांची रास आहे. गावातले गुरुदासबाब उंडे, म्हणजे इथले गोल पाव, घेऊन आले, त्यांनी मला तीवर एक दगड ठेवायला लावला. वर येणाऱ्याने दगड ठेवायचा, उतरताना स्वतःचाच उचलून न्यायचा. मग उरलेले कुणाचे, विचारलं. “जे देंवूंक नात, तांचे,” म्हणाले. न उतरलेल्यांचे. मी हसलो, ते त्यांना आवडलं नाही.

२१ नोव्हेंबर

सड्यावरची सर्वांत उंच जागा नेमकी राशीखाली निघाली. रास हलवली, खुंटी ठोकली, दगड शेजारी पुन्हा रचले. काम ते काम. मग ध्यानात आलं, माझा दगड कुठला ते आता सांगता येणार नाही. गुरुदासबाबांनी रास पाहिली, उंडे वाटेवरच ठेवले आणि परतले.

२५ नोव्हेंबर

ते पुन्हा आले नाहीत. बिस्किटांवर दिवस काढतोय. फोनला रेंज नाही. इतका एकटा मी कधी नव्हतो. भर दुपारी जमिनीखाली पावलं वाजतात. मी थांबलो की थांबतात.

२८ नोव्हेंबर

काम संपलं. त्यातल्या त्यात ओळखीचा वाटला तो दगड घेऊन निघालो. पहिल्या वळणावर मागून कुणीतरी झपाझप पुढे गेलं. अंगात माझाच निळा शर्ट, चाल माझी. बघतो तर माझ्या हातात दगड नाही. वाट उतरत गेलो आणि — पुन्हा राशीपाशी.

२९ नोव्हेंबर

सात वेळा उतरलो. सात वेळा सडाच. खाली गावातली कौलं दिसतात. हाका मारून घसा बसला —

३० नोव्हेंबर

फोन लागला. दीपाने आवाज ओळखला नाही. चेष्टा करू नका म्हणाली, हे कालच आलेत, लेकीला मांडीवर घेऊन बसलेत. लेक रडायची थांबत नाही. नावसुद्धा आत्या नाही, हेच कानात सांगणार म्हणे —

पुन्हा लावतोय. लागत नाही. दीपा, तिला त्याच्याकडून काढून घे, त्याला तिच्या कानाशी —